मिशनऱ्यांच्या गावी, उलट्या वाटेने

नगरच्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या पोराला मॅसॅच्युसेट्स हे नाव भूगोलाच्या पुस्तकाच्या आधी भेटतं. कबरस्तानातल्या जुन्या शिळांवर ते असतं, आजीच्या गोष्टींत असतं. अमेरिकन मराठी मिशनची माणसं तिकडूनच निघाली. १८१३ साली ती मुंबईत उतरली आणि १८३१ मध्ये त्यांनी नगरला ठाणं केलं. माझी सगळी पाळकी, म्हणजे धर्मगुरूची सेवा, त्यांनी उभ्या केलेल्या मंडळ्यांमध्ये (चर्चांमध्ये) गेली. त्यामुळे पश्चिम मॅसॅच्युसेट्समधल्या एका लहानशा डोंगरी गावाच्या चर्चकडून उपदेशाचं बोलावणं आलं, तेव्हा गुडघे नको म्हणत असतानाही मी हो म्हटलं. ऑक्टोबरचा पहिला रविवार म्हणजे जागतिक प्रभुभोजनाचा रविवार. येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून चर्चमध्ये भाकर मोडून वाटतात, ते प्रभुभोजन. त्या दिवशी त्यांना बाहेरच्या देशातला पाळक हवा होता.

पाळकीणबाई, म्हणजे आमची सौ., मुलींच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली. तिची एकच अट होती: "तुमचा उपदेश झाला की मला मिस फरारबाईंच्या गावी न्यायचं." ते गाव शेजारच्या राज्यात निघालं. त्याबद्दल पुढे येतंच.

मंगळवार ते गुरुवार: जाता जाता

नगरहून पुणे, पुण्याहून मुंबई, आणि पहाटे चारचं विमान. इथपर्यंत सगळं ठीक. मग आमचं विमान धावपट्टीवर जे बसलं ते उठेचना. आखाती देशातल्या मधल्या विमानतळावर पोचलो तेव्हा बोस्टनचं विमान निघून गेलेलं. काउंटरपुढे आमच्यासारख्यांची रांग, आणि रांगेच्या शेवटी एकच मुलगी, तीही रडायच्या बेतात. दुसऱ्या दिवशी युरोपातल्या एका शहरावरून पाठवतो, असं तिने सांगितलं आणि जेवणाची दोन कुपनं हातावर ठेवली.

ती रात्र गालिच्यावर काढली. एसी इतका की पाळकीणबाईंनी पदर, शाल आणि माझा स्वेटर, तिन्ही अंगावर घेतलं. शेजारी केरळची एक नर्स होती, आयर्लंडला कामावर परत निघालेली. या विमानतळावर कुठल्या कोपऱ्यात गार झोत कमी लागतो, कुठल्या मजल्यावर आडवं होता येईल अशा खुर्च्या आहेत, तिला सगळं पाठ. बांगलादेशी सफाई कामगाराने गरम पाण्याचा नळ दाखवला. त्याला चिवडा दिला तर आधी नको म्हणाला, मग मूठभर घेऊन उभ्या उभ्या खाल्ला आणि "हमारा चानाचूर" म्हणून हसला. माझे पाय सुजून बुटांत मावेनात. साठी उलटलेल्या माणसाने लांबच्या विमानात घट्ट मोजे घालावेत, दर तासा-दीड तासाने उठून चालावं आणि बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात, हे डॉक्टरांनी सांगितलेलं. मी ते पाळलंही. तरी पाय सुजले.

बोस्टनला उतरलो ते गुरुवारी संध्याकाळी. इमिग्रेशनच्या तरुण अधिकाऱ्याने विचारलं, कशासाठी आलात? चर्चमध्ये उपदेश करायला. पैसे मिळणार? नाही, फक्त खर्च. मग तो थोडा पुढे झुकला आणि म्हणाला, "विषय काय?" मागे एवढी रांग असताना मी त्याला लूकच्या सतराव्या अध्यायातल्या दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट दोन वाक्यांत सांगितली. दहा बरे झाले, आभार मानायला एकच परत आला, आणि तोही परका. त्याने शिक्का मारला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात थोडक्यात आटोपलेला उपदेश तोच.

उपदेशासाठी जाणाऱ्या पाळकांना सांगून ठेवतो. बी-१ व्हिसा चालतो, पण तिथल्या चर्चकडून पगार घ्यायचा नाही. तिकीट, राहणं, जेवण याची सोय ते करू शकतात. बोलावण्याच्या पत्रात हे स्पष्ट लिहून घ्या आणि पत्राची छापील प्रत हाताशी ठेवा. खाण्याचं म्हणाल तर मांस आणि ताजी फळं नेऊ नका. कोरड्या चटण्या चालतात, पण फॉर्मवर किंवा तोंडी, जे विचारतील तिथे खाद्यपदार्थ आहेत असं सांगून मोकळं व्हा.

आम्हाला तो प्रश्नच आला नाही, कारण शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ, टाळ आणि माझा उपदेशाचा पांढरा झगा असलेली मोठी बॅग आलीच नव्हती. पट्टा फिरून फिरून थांबला. तक्रारीचा फॉर्म भरला आणि बाहेर आलो.

बाहेर आमच्याच शब्बाथशाळेतला, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेतला, एक मुलगा उभा होता. आता बोस्टनजवळ आयटीत आहे, डोक्यावरचे केस गेलेत. "सलाम पाळकसाहेब, सलाम बाई," म्हणत त्याने वाकून बाईंच्या हातातली पिशवी घेतली. बाईंनी त्याला चौथीत पाढ्यांवरून उभं केलं होतं, ते दोघांनाही आठवत होतं. त्या रात्री त्याच्याकडे वरणभात खाऊन झोपलो.

शुक्रवार: रूट टूने पश्चिमेला

त्याने सुट्टी काढून आम्हाला गावी पोचवलं. बोस्टनहून पश्चिमेला रूट टू नावाचा रस्ता जातो. घाईत असाल तर टर्नपाइक हा मोठा महामार्ग आहे, पण ऑक्टोबरात रूट टूच घ्यावा. ग्रीनफिल्डच्या अलीकडेच झाडं पेटलेली दिसायला लागतात. मेपल लाल आणि केशरी, बर्च पिवळे, आणि मधूनच पाइनचा काळपट हिरवा. फोटोंत हे सगळं भडक करून दाखवलंय असं मला वाटायचं. फोटो उलट कमीच पडतात.

शेलबर्न फॉल्स या गावात चहाला थांबलो. तिथे ट्रामसाठी १९०८ साली बांधलेला एक पूल आहे. ट्राम बंद पडली तेव्हा गावातल्या बायकांनी १९२९ मध्ये त्यावर माती टाकून बाग केली. आजही तो फुलांचा पूल म्हणून आहे. थंडी पडली तरी डेलिया फुललेले होते. पाळकीणबाई म्हणाल्या, "आपल्याकडे पूल बंद पडला की त्यावर टपऱ्या येतात." यावर मला काही बोलता आलं नाही.

यजमान म्हणजे निवृत्त पोस्टमन आणि त्यांच्या पत्नी, दोघंही सत्तरी ओलांडलेले. घर लाकडी, स्वयंपाकघराला लागून लोखंडी लाकूडशेगडी, बाहेर हिवाळ्यासाठी फोडून रचलेली लाकडं. जेवायला भोपळ्याचं सूप, मक्याचा ब्रेड आणि गावातल्याच मेपलचं सिरप. चाळीस लिटर रस आटवला की एक लिटर सिरप होतं, हे आजोबांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. काकवीच्या गुऱ्हाळाचं वर्णन करून मीही परतफेड केली.

पहाटे अडीचला टक्क जाग. भारत साडेनऊ तास पुढे, त्यामुळे नगरला दुपारचे बारा वाजलेले आणि पोटाला ते बरोबर माहीत. उठून खिडकीतून बाहेर पाहिलं तर अंगणातलं गवत पांढरं. हंगामातलं पहिलं दव गोठलं होतं.

शनिवार: भाकरीची भानगड

तिथल्या पाळक एक बाई आहेत. दोन गावांची चर्चं त्या अर्ध्या पगारावर सांभाळतात. शनिवारी सकाळी त्या घरी आल्या. उद्याच्या प्रभुभोजनाच्या मेजावर वेगवेगळ्या देशांच्या भाकरी ठेवायची पद्धत आहे, त्यांनी सांगितलं. पिटा, मेक्सिकन टॉर्टिया, राय ब्रेड. "तुमच्याकडची असेल तर?"

पाळकीणबाईंचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. पीठ बॅगेत, बॅग कुठल्या देशात, देव जाणे.

आमच्या आयटीवाल्या शिष्याला फोन केला. रात्रीच्या जेवणाआधी तो भारतीय दुकानातून ज्वारीच्या पिठाची पिशवी घेऊन दोन तास गाडी चालवत परत आला. पिठाची चव आपल्या मालदांडीची नव्हती आणि विरीही कमी होती, पण गरम पाण्यात उकड काढून बाईंनी ते वठणीवर आणलं. तव्याऐवजी यजमानीणबाईंच्या आजीचं बिडाचं तळणपात्र मिळालं. आमच्या घरच्या नॉनस्टिक तव्यापेक्षा शंभर पटीने चांगलं. भाकरी थापताना यजमानीणबाई शेजारी उभ्या. हातावर ती गोल फिरत मोठी होते ते पाहून त्यांनी नवऱ्याला हाक मारली, त्याने फोन काढला, आणि मग शेजारचेही आले.

विजेच्या शेगडीवर ती फुगेना. बाई लाकूडशेगडीकडे वळल्या, दार उघडलं, निखारे पुढे ओढले आणि भाकरी त्यावर टेकवली. टम्म फुगली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याच क्षणी छतावरचा धुराचा भोंगा कानठळ्या बसवत बोंबलायला लागला. आजोबा टॉवेल घेऊन खुर्चीवर चढले. पुढच्या भाकऱ्या दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवून, कोट-टोप्या घालून भाजल्या. अमेरिकेतल्या घरात काहीही भाजायच्या आधी हा भोंगा कुठे आहे ते विचारून घ्या.

झग्याचा प्रश्न उरलाच होता. चर्चच्या कपाटात पूर्वीच्या कुणा पाळकाचा काळा झगा सापडला. तो गृहस्थ सव्वासहा फुटांचा असावा. बाईंनी खालून वीतभर दुमडून टाचण्या लावल्या आणि मला बजावलं, "वेदीच्या पायऱ्या चढताना उचलून धरा. पडलात तर नगरला लाइव्ह दिसेल."

रविवार

पांढरं लाकडी चर्च, टोकदार मनोरा, दोरीने वाजणारी घंटा. आत रंगीत काचा नाहीत, साध्या मोठ्या खिडक्या, आणि त्यांतून दिसणारी लाल झाडं. दोनशे माणसं बसतील एवढ्या बाकांवर तीसेक जण, बहुतेकांचे केस पांढरे. पुढच्या बाकावर एक दूधवाला शेतकरी, पहाटे चारला गाई पिळून आलेला. मागे एक कॉलेजची मुलगी लाइव्ह प्रक्षेपण सांभाळत होती. तिथे सकाळचे दहा म्हणजे नगरला संध्याकाळचे साडेसात. आमची मंडळी चर्चच्या हॉलमध्ये पडदा लावून बसली होती.

ऑर्गन सुरू झाला आणि पहिल्याच गीताची चाल ओळखीची. माझ्या तोंडून मराठी शब्द निघाले. शेजारी बाईही मराठीतच. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. प्रभुभोजनाच्या लहान पेल्यांचं तबकही आमच्याकडे असतं तसंच, गोल, भोकं असलेलं. लहानपणापासून जे मला अगदी नगरचं वाटत आलं होतं, ते इथून आलेलं होतं.

दहा कुष्ठरोग्यांवर बोललो. माझे पणजोबा १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात वाढले. त्या काळात नगरला रॉबर्ट ह्यूम होते, मुंबईत जन्मलेले अमेरिकन. त्यांच्या नावाचं चर्च नगरला आजही भरतं. हे सगळं सांगितलं आणि म्हटलं, परत आलेला दहावा माणूस मीच समजा, थोडा उशीर झाला इतकंच. मग दोघांनी टिळकांचं एक भजन म्हटलं. टाळ नव्हते, बाईंनी हातांनीच ताल धरला. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. मिशनऱ्यांनी आणलेल्या चालींशेजारी त्यांनी आपल्या अभंगांची, भजनांची चाल आणून बसवली. दुसऱ्या कडव्याला शेतकऱ्याचा पाय हलायला लागलेला मी पाहिला.

भाकरी मोडली तेव्हा तिचे कडक पापुद्रे वेदीच्या पांढऱ्या कापडावर सांडले. ज्वारी भिजवून खायची सवय नसलेल्यांना तो तुकडा गिळताना जरा कसरत झाली असणार. पण तबक परत आलं ते रिकामं.

उपासनेनंतर तळघरातल्या हॉलमध्ये कॉफी आणि जेवण. प्रत्येकीने काही ना काही करून आणलेलं: गोडसर भाजलेल्या घेवड्याच्या बिया, मॅकरोनी, सफरचंदाचं क्रिस्प, सायडरमधले डोनट. तिथे एक निवृत्त प्राध्यापिका माझ्याशेजारी बसल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "मला तुमचं बोलणं ऐकताना अवघडल्यासारखं झालं. आम्ही तुमच्यावर आमचा धर्म लादला, आणि तुम्ही आमचे आभार मानता."

हा प्रश्न कुणीतरी विचारील असं मला वाटलंच होतं. खरं सांगायचं तर तो विचारला गेला हे मला आवडलं. मी म्हटलं, आमच्या मिशनचे पहिले दोघे, हॉल आणि नॉट, मुंबईला आले तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीला ते नको होते. कलकत्त्याहून त्यांना हाकलायचा हुकूम निघाला होता, ते निसटून मुंबईला आले. लादायला हातात सत्ता लागते. त्या दोघांच्या हातात ती नव्हती. नंतरच्यांच्या मागे मात्र इंग्रजांचं राज्य होतं आणि आमच्या देवळांबद्दल, आमच्या सणांबद्दल त्यांनी जे लिहून ठेवलंय त्यातलं कितीतरी वाचताना आजही राग येतो. दोन्ही खरं आहे.

पाळकीणबाई इतका वेळ डोनट खात होत्या. त्यांनी बशी खाली ठेवली. त्यांचं इंग्रजी शाळामास्तरणीचं, एकेक शब्द सुटा. "माझी पणजी महारवाड्यात जन्मली. गावच्या विहिरीला तिला हात लावता येत नव्हता. तिला वाचायला शिकवलं ते मिशनच्या शाळेने. तिच्या मुलीला मग कुणी थांबवू शकलं नाही. तुम्हाला लाज वाटायची तर वाटू दे, पण माझ्या पणजीच्या वाटणीचे आभार घ्या आणि मग लाज वाटून घ्या."

प्राध्यापिकाबाई हसल्या, डोळे पुसले आणि आणखी कॉफी आणायला उठल्या. टेबलाभोवतीच्या बाकीच्यांना खरी अडचण वेगळीच होती. गॉर्डन हॉल कोण, रॉबर्ट ह्यूम कोण, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. चर्चच्या भिंतीवर महायुद्धात गेलेल्यांची यादी होती, पाळकांची यादी होती. मराठी मुलखात हाडं ठेवलेल्यांची कुठेच नव्हती.

सोमवार: गवताची गंजी

सकाळी आजोबांच्या गाडीतून विल्यम्सटाउन. नॉर्थ अ‍ॅडम्सच्या वर डोंगरात केसांच्या आकड्यासारखं एक वळण आहे, तिथून सगळी दरी दिसते. समोर माउंट ग्रेलॉक, मॅसॅच्युसेट्समधलं सर्वांत उंच शिखर, १,०६४ मीटर. आमचं कळसूबाई १,६४६. हे मी आजोबांना सांगितलं नाही. बाईंनी सांगितलं.

विल्यम्स कॉलेजच्या आवारात संगमरवरी स्तंभ आहे, वर पृथ्वीचा गोल. १८०६ च्या ऑगस्टमध्ये पाच विद्यार्थी उघड्यावर प्रार्थना करत होते, वादळ आलं, ते गवताच्या गंजीच्या आडोशाला गेले आणि तिथे परदेशी मिशनचा विचार ठरला, अशी गोष्ट सांगतात. स्तंभ १८६७ चा. मुंबईचे गॉर्डन हॉल त्या पाचांत नव्हते, पण याच कॉलेजातून ते १८०८ साली पदवीधर झाले. स्तंभाला टेकून एक मुलगी लॅपटॉपवर काम करत होती. आम्ही फोटोसाठी घुटमळलो तेव्हा ती उठली आणि म्हणाली, "हे नक्की कशाचं आहे?" आजोबांनाही नीट सांगता येईना. मग नगरच्या पाळकाने सांगितलं.

संध्याकाळी बॅग आली. कुरियरवाल्याने ती अंगणातल्या लाकडांच्या ढिगावर ठेवून दिली होती. चटणीची पिशवी आत फुटली होती, त्यामुळे माझा पांढरा झगा केशरी झाला होता. आलेल्या चटणीतली अर्धी यजमानांनी ठेवून घेतली. ते ती चीजवर घालून खातात.

मंगळवार: मिस फरार यांचं गाव

न्यू हॅम्पशायरमधलं मार्लबरो ग्रीनफिल्डहून गाडीने तासाभरापेक्षा थोडं जास्त. गाव एवढंसं, चौकात चर्च, ओढा, जुन्या गिरण्यांच्या इमारती आणि दगडी वाचनालय. त्याचं नाव फ्रॉस्ट फ्री लायब्ररी. फ्रॉस्ट हे देणगीदाराचं आडनाव आहे, पण बाईंना ते फ्रीजच्या जाहिरातीसारखं वाटलं आणि त्या पाटीखाली फोटो काढून मैत्रिणींना पाठवला.

सिंथिया फरार १७९५ साली इथे जन्मल्या. १८२७ मध्ये, कुणा मिशनऱ्याची बायको म्हणून नव्हे तर शिक्षिका म्हणून, त्या मुंबईला आल्या. पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच गेल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांची शाळा पाहिली आणि मुलींना शिकवायचं त्यांच्या मनाने घेतलं, हे खुद्द जोतीरावांनीच सांगून ठेवलं आहे. सावित्रीबाईही शिक्षिकेचे धडे घ्यायला त्यांच्याकडे होत्या, असं आमच्याकडे मानतात.

ग्रंथपालबाईंना हे नाव अनोळखी. पण त्या जातिवंत ग्रंथपाल होत्या. "थांबा," म्हणून आत गेल्या आणि गावातल्या जुन्या घराण्यांच्या नोंदी घेऊन आल्या. फरार आडनावाची माणसं पानोपानी. पाळकीणबाई बोट ठेवून एकेक ओळ वाचत होत्या, वर्गात हजेरी घेतात तशा.

मग त्यांनी ग्रंथपालबाईंना समोर बसवलं आणि शिकवायलाच घेतलं. सावित्रीबाई कोण. पुण्यात १८४८ साली शाळा काढली म्हणजे काय केलं. शेण-चिखल अंगावर झेलत बाई शाळेत कशा जायच्या. आज महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत तिची तसबीर असते, ३ जानेवारीला तिची जयंती असते. आणि त्या बाईच्या पाठीमागे कुठेतरी तुमच्या या गावची एक बाई उभी आहे. मी मध्ये बोलायचा प्रयत्न केला, मला गप्प करण्यात आलं. वर्तमानपत्र वाचत बसलेले दोन म्हातारे खुर्च्या सरकवून जवळ आले. त्यातला एक म्हणाला, मी आयुष्यभर याच गावात राहिलो, हे मला कुणीच कसं सांगितलं नाही?

यावर बाईंकडे उत्तर होतं: "आता सांगितलं ना!"

बुधवार: सेलम

परतीच्या आधी बोस्टनला आलो आणि सेलम पाहिलं. ऑक्टोबरात सेलमला गाडीने जाऊ नका. १६९२ च्या चेटकिणींच्या खटल्यांमुळे अख्खा महिना तिथे जत्रा असते आणि पार्किंग मिळत नाही. बोस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून लोकल अर्ध्या तासात सोडते. उतरलो तर रस्त्यावर टोकदार काळ्या टोप्यांचा पूर. त्या खटल्यांत एकोणीस निरपराध माणसं फासावर गेली आणि एकाला दगडांखाली दाबून मारलं. आता तिथे त्याच नावाने आइस्क्रीम विकतात. आम्हा दोघांना ते काही पचलं नाही.

त्या गर्दीतच टॅबरनॅकल चर्च आहे. इमारत नंतरची, पण याच मंडळीत ६ फेब्रुवारी १८१२ रोजी पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली. त्यांतले हॉल, नॉट आणि न्यूएल मुंबईला पोचले. न्यूएलची बायको हॅरिएट वाटेतच, मॉरिशसमध्ये, एकोणिसाव्या वर्षी गेली. न्यूएल १८२१ मध्ये मुंबईत गेले. हॉल १८२६ मध्ये नाशिककडून परतताना पटकीने गेले. पाळकीणबाईंनी मला विचारलं, त्यांना इथून निघून हिंदुस्थानात पोचायला किती दिवस लागले? न्यूएल दांपत्याचं जहाज फेब्रुवारीत निघालं आणि जूनमध्ये कलकत्त्याला लागलं, मी म्हटलं.

"आणि तुम्ही त्या विमानतळावर एका रात्रीसाठी केवढं तोंड सोडलं होतं!"

बंदराजवळ पीबॉडी एसेक्स संग्रहालय आहे, त्याचं मूळ १७९९ चं, पूर्वेच्या व्यापारावर गेलेल्या सेलमच्या कप्तानांनी सुरू केलेलं. भारतीय चित्रांचा संग्रह मोठा आहे. अर्धा दिवस हाताशी ठेवा, आम्ही ठेवला नव्हता. मिशनची मूळ पत्रं पाहायची असतील तर ती हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते आणि वाचनकक्षात पेन चालत नाही, फक्त शिसपेन्सिल.

परत

येताना विमानं वेळेवर होती, त्यामुळे सांगण्यासारखं काही नाही. नगरला पोचल्यावर पुढच्या रविवारी मंडळीने हिशेब मागितला. तीसच माणसं? अमेरिकेत? मंडळीतले एक म्हातारे वडील, म्हणजे चर्चचे ज्येष्ठ कारभारी, तर रागावलेच. एवढी थोडी माणसं असतील तर आपण इथून वर्गणी पाठवू या का, असं त्यांनी अगदी गंभीरपणे सुचवलं. कमिटीने विषय पुढच्या बैठकीवर टाकला आहे.

पाळकीणबाईंनी बैठकीची वाट पाहिली नाही. शाळेतल्या नववीच्या मुलींना बसवून त्यांनी मार्लबरोच्या वाचनालयाला इंग्रजीत पत्र लिहून घेतलं. सोबत फरारबाईंच्या कामाची एक पानभर माहिती आणि सावित्रीबाईंची तसबीर, काच काढून, पुठ्ठ्यात बांधून. पोस्टात पार्सलच्या फॉर्मवर आतल्या वस्तूची किंमत लिहावी लागते. बाईंनी शंभर रुपये लिहिले.